कुळागरातली चहाची तीन झाडं : खुडल्यानंतर पानात नेमकं काय बदलतं?

कुळागरकार · ४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे. सुपारी, मिरी, केळी, जायफळाची चार झाडं. सहा वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ निलगिरीतली वायरमनची नोकरी सोडून गावी परतला, तेव्हा येताना चहाची पाच रोपं घेऊन आला. दोन पहिल्याच पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून कुजली. तीन जगली. दोन कुळागरात सुपारीच्या सावलीत आहेत, एक खळ्याच्या कडेला दिवसभर उन्हात. इतकी वर्षं ती नुसती शोभेची होती. यंदा पाऊस ओसरल्यावर तिन्हींना लुसलुशीत फूट आली आणि आई म्हणाली, "बघत काय बसलास, खूड की."

खुडलं. दोन पानं आणि कळी, असं बघून बघून. तिन्ही झाडांचं मिळून पाव किलोच्या आसपास निघालं. त्याचे दोन भाग केले.

अर्ध्याचा हिरवा चहा करायला गेलो. लोखंडी कढई मंद आचेवर ठेवली, सगळं पान एकदम ओतलं आणि जळू नये म्हणून वीस मिनिटं हळूहळू परतत राहिलो. पाच-सात मिनिटांतच पानांच्या कडा लालसर झाल्या, मग तपकिरी. चहा उतरला तो काळपट, वास उकडलेल्या गवताचा.

उरलेल्याचा काळा चहा. रात्रभर सुपात पसरून ठेवला, सकाळी पाट्यावर हातांनी रगडला, ओल्या फडक्याखाली झाकला. त्या दिवशी पेडण्याला लग्न होतं. परत यायला रात्र झाली, म्हणजे अकरा-बारा तास तो तसाच राहिला. मग दोन दिवस उन्हात वाळवला. रंग गडद आला, पण तोंडात घेतल्यावर काहीच नाही. आई म्हणाली, "रंग आसा, रूच ना."

झाड तेच, पान तेच, हातही तेच. मग हिरवा, काळा, ऊलाँग हे सगळे एकाच पानाचे होतात कसे, आणि माझ्या पानात नेमकं काय बिघडलं? नुसती कृती नको आहे, कारण हवं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

फोंडेकरीण · ४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मी रसायनशास्त्र शिकलेले नाही, पण कडा लाल होण्याची गोष्ट ओळखीची वाटली. केळफूल चिरलं की आपण ते लगेच ताकात टाकतो, नाहीतर बघता बघता काळंठिक्कर पडतं. नीरफणसाच्या कापा पाण्यात, वांगंही पाण्यात. चहाच्या पानाचं तेच होत असेल का?

आणि ओलं पान लोखंडी कढईत का घातलंत? आवळा लोखंडी कढईत उकळतात तो केसांचं तेल काळं व्हावं म्हणून. तुरट पदार्थ आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच.

परीक्षानळी · ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताईंनी अर्ध्याहून जास्त उत्तर दिलं आहे. म्हापशाला ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्या सवयीनं थोडं लांब लिहितो.

चहाच्या कोवळ्या पानातलं पाणी बाजूला ठेवलं, तर उरलेल्या वजनातला साधारण २५ ते ३० टक्के भाग पॉलिफेनॉलांचा असतो. त्यांतली बहुतेक कॅटेचिनं. त्यांच्यात सर्वांत जास्त ईजीसीजी, म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. तीच तुरट आणि कडवट चव. त्यांना रंग नसतो. शिवाय २ ते ४ टक्के कॅफिन, १ ते २ टक्के थिअनिन नावाचं अमिनो आम्ल, आणि साखरेला बांधलेली काही सुगंधी द्रव्यं.

आता मुद्दा असा की कॅटेचिनं पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत असतात. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) तिच्या बाहेर, हरितलवकांत असतं. पान झाडावर धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. तुम्ही पान मुरगळलं, रगडलं, चुरगळून टाकलं की मधले पडदे फाटतात, हवेतला ऑक्सिजन आत येतो आणि विकर कॅटेचिनांवर काम सुरू करतं. केळफुलात, वांग्यात, कापलेल्या सफरचंदात याच कुळातलं विकर असतं. ताकातल्या आम्लानं ते मंदावतं, पाण्याखाली त्याला हवा कमी मिळते. आपल्या आज्या हे रोज करत होत्या.

कॅटेचिनाचं ऑक्सिडीकरण झालं की क्विनोन तयार होतं. क्विनोन स्वस्थ बसत नाही, लगेच जोडीदार शोधतं. एका विशिष्ट प्रकारच्या जोडीतून थिआफ्लेविन बनतं. त्यासाठी एक साधं कॅटेचिन लागतं आणि एक गॅलोकॅटेचिन. थिआफ्लेविन केशरी-लाल असतं. चहाची चकाकी आणि जिभेला बसणारा तो तरतरीत चटका त्याचाच. पुढे ऑक्सिडीकरण चालू राहिलं की मोठे, गुंतागुंतीचे, तपकिरी रेणू होतात. त्यांना थिआरुबिजिन म्हणतात. रंगाचा गडदपणा आणि घोटाला येणारा भरीवपणा त्यांचा. ई. ए. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकापासून या दोन गटांचा माग काढला, ही नावं तिथूनच आली. तयार काळ्या चहात थिआफ्लेविन एक-दोन टक्के, थिआरुबिजिन १० ते २० टक्के.

म्हणजे तुमचे दोन्ही घोटाळे एकाच विकराचे आहेत. हिरव्या चहात त्याला ताबडतोब मारायचं होतं, तुम्ही त्याला ऊब दिलीत. मंद आचेवर मोठा ढीग घातला की आतलं पान बराच वेळ कोमट राहतं, आणि कोमट उबेत विकर जास्तच चपळ होतं. ते निकामी व्हायला पान आतपर्यंत चांगलं तापावं लागतं, ८० अंशांच्या वर, आणि तेही झटपट. शिवाय त्या गर्दीत पान परतताना चुरगळत होतंच.

काळ्या चहात उलट झालं. त्याला वेळ द्यायचा होता, पण मोजून. थिआफ्लेविन एका टप्प्यापर्यंत वाढतं, मग तेच मोडून तपकिरी रेणूंत जातं. बारा तासांत तुमचं थिआफ्लेविन संपलं. रंग राहिला, चटका गेला. आईंनी चार शब्दांत जे सांगितलं ते प्रयोगशाळेत मोजलं असतं तरी तेच दिसलं असतं.

लोखंडाबद्दल ताई म्हणतात ते बरोबर. पॉलिफेनॉल आणि लोह यांचं काळं-निळं संयुग होतं, जुनी शाई याच तत्त्वावर करत. स्टीलचं भांडं घ्या.

बोंडू · ५ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

सर, एक शंका. चहाच्या पुडक्यांवर आणि लेखांत सगळीकडे 'फर्मेंटेशन' लिहिलेलं असतं. आमच्या घरी तीन पिढ्या काजूची भाटी आहे. बोंडूचा रस कोळमीतून काढून आंबायला ठेवला की त्याला फेस येतो, बुडबुडे येतात, वास बदलतो, मग उर्राक, मग फेणी. चहाच्या पानात असं काही होताना ऐकलं नाही. मग त्याला आंबवणं का म्हणतात?

परीक्षानळी · ५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

फार चांगला प्रश्न. तुमच्या भाटीत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, ते खरं किण्वन. काळ्या चहात यीस्ट नाही, जिवाणू नाही, अल्कोहोल नाही. पानाचंच विकर आणि हवा, बस्स. तो जुन्या काळचा शब्द धंद्यात चिकटून राहिला. मी शाळेत कायम 'ऑक्सिडीकरण' म्हणायला लावत असे.

अपवाद आहे चीनच्या युन्नानमधल्या पुअर चहाचा. त्याच्या 'पिकवलेल्या' प्रकारात पानाचे ओले ढीग कित्येक आठवडे झाकून ठेवतात. आतून ढीग तापतो, अॅस्परजिलस वर्गातल्या बुरश्या आणि इतर सूक्ष्मजीव वाढतात. कॅटेचिनं खूपच कमी होतात, गॅलिक आम्ल वाढतं, आणि थिआब्राउनिन नावाचे गडद रेणू बनतात. म्हणून तो चहा तुरट लागत नाही, मातकट आणि मऊ लागतो. ही पद्धत कुन्मिंगमध्ये १९७३ साली बसवली गेली. तिथे 'फर्मेंटेशन' हा शब्द शोभतो.

दोन पानं एक कळी · ५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मूळचा कोल्हापूरचा, आता मडगावात. निलगिरीत चहाच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली, त्यातली सहा फक्त विदरिंगवर, म्हणजे पान कोमेजवण्याच्या कामावर. सरांनी रसायन सांगितलं, मी हाताचं सांगतो.

कुळागरकार, तुम्ही पान 'रात्रभर सुपात' ठेवलंत म्हणालात आणि पुढे गेलात. पण निम्मा चहा तिथंच होतो. कारखान्यात खुडलेलं पान लांब जाळीच्या हौदांवर पसरतात, खालून पंख्याची हवा. बारा ते अठरा तास. ताज्या पानात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ते घटून पान असं व्हायला हवं की मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि मूठ सोडल्यावर हळूच उलगडतो. देठ वाकवला तर मोडत नाही. नुसतं पाणी उडवायचं असतं तर दोन तासांत गरम हवेनं उडवलं असतं. पण त्या बारा तासांत पान आतून बदलतं. पडदे सैल होतात, प्रथिनं तुटून अमिनो आम्लं वाढतात, कॅफिनही थोडं वाढतं. आणि वास! संध्याकाळी हौदाजवळ उभं राहिलं तर कापलेल्या गवताचा वास येतो, पहाटे त्याच पानाला फुलांचा. मी पहाटेच्या पाळीला मुद्दाम जायचो त्या वासासाठी.

घरी करताना वजन करा. १०० ग्रॅम पान ६० ते ६५ ग्रॅमवर आलं की रगडायला घ्या. गोव्यात पावसाळ्यात हे जमणार नाही, हवेतच इतका दमटपणा असतो की पान कोमेजण्याआधी लाल पडतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच तुमचे महिने.

मग रगडणं. वीस-पंचवीस मिनिटं, रस बाहेर येऊन हात चिकट होईपर्यंत. मग दीड इंच जाडीचा थर, वर ओलं फडकं, पण पानाला फडकं टेकू देऊ नका. कारखान्यात ही खोली गार आणि कमालीची दमट ठेवतात. तुमच्याकडे दुपारी बत्तीस-तेहतीस अंश, म्हणून हे काम पहाटे करा, फरशीवर. दर वीस मिनिटांनी वास घ्या. आधी हिरवा, कच्चा. मग एक क्षण येतो, पिकल्या सफरचंदासारखा गोड वास, आणि पानाचा रंग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा. तिथं थांबवायचं. तो क्षण गेला की वास बसतो आणि परत येत नाही.

थांबवणं म्हणजे वाळवणं. उन्हात दोन दिवस म्हणजे विकराला दोन दिवस मोकळं रान. ओव्हन असेल तर १०० ते ११० अंश, पातळ थर, पंचवीस-तीस मिनिटं, मधे हलवा. शेवटी पान बोटांत चुरचुरलं पाहिजे. कारखान्यात तीन टक्के पाणी ठेवतात.

परीक्षानळी · ६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वासाबद्दल थोडं जोडतो, कारण हे मला स्वतःला फार सुंदर वाटतं. लिनालूल, जिरॅनिऑल ही फुलांच्या वासाची द्रव्यं पानात आधीपासून असतात, पण साखरेच्या रेणूला बांधलेली, म्हणून त्यांना वास नसतो. पान कोमेजताना आणि चुरगळताना दुसरी विकरं ती गाठ सोडवतात आणि वास सुटतो. गवताचा वास पानातल्या स्निग्धाम्लांच्या तुटण्यातून येतो, तो उडून जातो. ऊलाँगमध्ये याच खेळाला सर्वांत जास्त जागा देतात. पान पाटीत हलवून फक्त कडा दुखावतात, थांबतात, पुन्हा हलवतात. कडा लाल, मधलं पान हिरवं, आणि मग उष्णता. अर्ध्यावर थांबवलेलं ऑक्सिडीकरण.

तांब्याच्या रंगावरून एक स्पष्टीकरण. पॉलिफेनॉल ऑक्सिडेजच्या रेणूत तांब्याचे अणू असतात हे खरं, पण पानाचा तांबूस रंग त्यामुळे येत नाही. तो थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिनांचा. वाळल्यावर काळा होतो तो उष्णतेत हरितद्रव्याचं फिओफायटिन झाल्यामुळे.

स्पष्टवक्ता · ६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

एवढा खटाटोप कशाला? ग्रीन टी प्यावा, त्यात कॅफिन नसतं. आणि बाजारातला सीटीसी, डस्ट वगैरे म्हणजे कारखान्याची झाडलोट. ते आपण उकळून पितो.

दोन पानं एक कळी · ६ ऑक्टोबर, दुपारी २:१५

झाडलोट हा शब्द वाचून वाईट वाटलं. तिथं राबणाऱ्या माणसांसाठी लिहितो.

सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी हे यंत्र आणलं. दात असलेले दोन रूळ वेगवेगळ्या गतीनं उलटे फिरतात, त्यांच्यामधून कोमेजलेलं पान जातं आणि चिरडून, फाटून, गोळी होऊन बाहेर येतं. या चुऱ्याला आम्ही 'धूल' म्हणायचो. त्या धूलमध्ये जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली असते, म्हणून ऑक्सिडीकरण भराभर आणि पुरेपूर होतं. हातानं किंवा रोलरवर वळलेल्या ऑर्थोडॉक्स पानात बऱ्याच पेशी शाबूत राहतात, त्यामुळे रंग कमी, सुगंध जास्त. मग वाळलेला चहा चाळण्यांवरून जातो. वर राहतं ते मोठ्या दाण्याचं, सर्वांत खाली पडतं ते डस्ट. डस्ट हे दाण्याच्या आकाराचं नाव आहे. चांगल्या पानाचं डस्ट चांगलंच असतं, आणि दूध घालून उकळायच्या आपल्या चहाला तेच लागतं, कारण बारीक दाणा लवकर उतरतो आणि दुधाला पुरून उरतो.

परीक्षानळी · ६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

कॅफिनचं मी सांगतो. प्रक्रियेनं कॅफिन फारसं हलत नाही. ते कॅटेचिनासारखं विकराच्या तावडीत सापडत नाही, आणि वाळवण्याच्या तापमानाला टिकतं. एकाच पानाचा हिरवा आणि काळा केला तर दोन्हींत ते जवळपास सारखंच निघेल. फरक पडतो तो पानाच्या वयानं (कळीत जास्त, जून पानात कमी), झाडाच्या जातीनं आणि आपल्या करण्यानं. हिरवा चहा सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवतात, सीटीसी पाच मिनिटं खळखळ उकळतात. कपात उतरणारं कॅफिन अर्थात वेगळं.

एक जुनी गंमत: कॉफीतून कॅफिन १८१९ साली वेगळं केलं गेलं, आणि १८२७ मध्ये चहातून मिळालेल्या द्रव्याला 'थीन' असं स्वतंत्र नाव दिलं. दोन्ही एकच आहेत हे १८३८ मध्ये सिद्ध झालं.

हिरव्या चहातही काहीच बदलत नाही असं मात्र समजू नका. उष्णतेनं काही ईजीसीजीची रचना उलटते आणि त्याचं जीसीजी, म्हणजे गॅलोकॅटेचिन गॅलेट होतं. बाटलीबंद हिरव्या चहात, जो निर्जंतुक करायला खूप तापवतात, हे बरंच होतं.

स्पष्टवक्ता · ६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३५

डस्टबद्दलचा माझा समज चुकीचा होता. शब्द मागे घेतो, दादा.

डिचोली १९ · ६ ऑक्टोबर, रात्री ९:००

आजी अंगणातल्या गवती चहाच्या पातीचा काढा करते, त्यातही हे सगळं असतं का?

फोंडेकरीण · ६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नाही रे बाळा. गवती चहा हे गवत, चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही. त्यात कॅफिनही नसतं. सुवास सिट्रालचा, लिंबाच्या सालीत असतो तोच. म्हणून आजीला सांग, पात शेवटी घालून झाकण ठेवायचं. उकळत बसलं की वास वाफेबरोबर जातो.

पर्वरी · ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

नर्स आहे, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवते. चहातले पॉलिफेनॉल अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगाला कमी लागतं, विशेषतः भाजी-डाळीतलं लोह. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका जेवता जेवता चहा घेतात, लोहाच्या गोळीवर चहा घेतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. हिरवा असो वा काळा, दोन्हींना लागू.

कुळागरकार · १२ ऑक्टोबर, रात्री ८:४५

देव बरें करूं सगळ्यांना. तुमचे प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवले, मग परत खुडलं. या वेळी झाडं वेगळी ठेवली.

सावलीतल्या दोन झाडांचं ९० ग्रॅम पान हिरव्यासाठी. चतुर्थीत पातोळ्या करतो तेच मोदकपात्र काढलं, पाणी आधी खळखळ उकळू दिलं, पान पातळ थरात पसरून दीड मिनिट वाफवलं. लगेच पंख्याखाली. कडा हिरव्या राहिल्या! मग हलक्या हातानं वळून ओव्हनमध्ये वाळवलं.

उन्हातल्या झाडाचं १२० ग्रॅम पान काळ्यासाठी. सोळा तासांत ७५ ग्रॅमवर आलं. पहाटे साडेपाचला रगडायला बसलो, आई वास घ्यायला. सव्वा तासानं ती म्हणाली, "आता." मला अजून कच्चा वाटत होता, पण तिचं ऐकलं. ओव्हनमधून निघाला तो सत्तावीस ग्रॅम. एवढ्याशा चहामागे किती पान लागतं ते पहिल्यांदा कळलं.

काळा चहा: लालसर, नितळ, आणि जिभेला चटका. हा चहा आहे!

हिरव्याचं मात्र मला नवल वाटलं. तुरटपणा नावालाच. ओल्या शेंगा उकडल्यावर खाली पाणी राहतं ना, तशी गोडसर, भरलेली चव. सर, हे बरोबर झालं की काही राहिलं?

परीक्षानळी · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:००

उत्तम झालं, आणि त्याचं श्रेय सुपारीच्या सावलीला द्या.

ती गोडसर, भरलेली चव थिअनिनची आहे. जपानमध्ये १९४९ साली चहातूनच ते प्रथम वेगळं केलं गेलं. थिअनिन झाडाच्या मुळांत बनतं आणि वर पानात येतं. पानावर ऊन पडलं की ते मोडतं आणि त्याचा एक तुकडा कॅटेचिनं बनवायला वापरला जातो. ऊन कमी, तर थिअनिन टिकतं आणि कॅटेचिनं कमी बनतात. जपानी लोक ग्योकुरो या चहासाठी खुडण्याआधी साधारण वीस दिवस झाडांवर आच्छादन घालतात. तुमच्या कुळागरानं ते काम आपसूक केलं.

हेच कारण उन्हातलं झाड काळ्याला चांगलं असण्याचं. थिआफ्लेविन बनायला कच्चा माल कॅटेचिनांचा, आणि तो उन्हात जास्त. जमलं तर एकदा उलट करून बघा.

दोन पानं एक कळी · १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आईंचं नाक कारखान्यात हवं होतं. आमच्याकडे जुने टी-मेकर यंत्रावरच्या घड्याळाकडे बघतच नसत.

साठवण्याचं लक्षात ठेवा: गोव्याच्या हवेत उघडा ठेवलेला चहा चार दिवसांत ओल धरतो. ओल वाढली की जी काही थोडी विकरं वाळवण्यातून वाचलेली असतात ती पुन्हा हळूहळू काम करतात आणि चहा शिळा होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गच्च भरलेला. मसाल्याच्या फळीवर नको, चहा वास ओढतो.

बोंडू · १३ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

लिंबू पिळल्यावर चहा फिका का होतो तेही सांगा कुणीतरी. ताप आला की आमच्याकडे तोच देतात.

परीक्षानळी · १३ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

थिआरुबिजिनं सौम्य आम्ल असतात. लिंबाच्या आम्लात त्यांचं आयनीभवन दबतं आणि रंग फिका पडतो. सोडा टाकलात तर उलट, गडद होईल. आणि दूध घातल्यावर तुरटपणा जातो तो दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना धरतं म्हणून.

कुळागरकार · २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सरांनी सांगितलं तसं उलट करून बघितलं. उन्हातल्या पानाचा हिरवा चहा तोंड आवळणारा, कच्च्या बोंडूसारखा. सावलीच्या पानाचा काळा चहा फिका, वास चांगला पण घोट हलका. एकाच आवारात वीस पावलांच्या अंतरावरची झाडं, आणि एवढा फरक. मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाला, इतकी वर्षं मळ्यात फक्त मोटारी दुरुस्त केल्या, पानाकडे कधी बघितलंच नाही. पुढच्या रविवारी येतोय खुडायला.

एक काळजी आहे. काल संध्याकाळी आईनं उन्हाच्या झाडाचा काळा चहा कडक केला, बिनदुधाचा, आणि सोप्यावर ठेवून शेजारणीशी बोलत राहिली. तासाभरानं बघतो तर चहा गढूळ, ताक मिसळल्यासारखा. करताना अगदी नितळ होता. काही खराब झालं का? आई ओतून टाकायला निघाली होती, मी तो कप झाकून ठेवला आहे.

दोन पानं एक कळी · २६ ऑक्टोबर, रात्री ९:४२

ओतू नका! याला आम्ही 'क्रीम' म्हणतो. चहा गार झाला की कॅफिन आणि थिआफ्लेविनं एकमेकांना धरतात, बारीक कण होतात आणि चहा साय आल्यासारखा गढूळतो. पाणचट चहाला हे होत नाही, धरायलाच काही नसतं. आमचे चाखणारे गार कपात मुद्दाम हे बघायचे. तुमच्या घरच्या ओव्हनमधल्या चहाला क्रीम आलंय, हे वाचून मला फार आनंद झाला. पुन्हा गरम करा, निवळेल.

कुळागरकार · २६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

गरम केला. निवळला, पहिल्यासारखा लाल. आईनं तोच कप घेतला, अर्धा मला दिला.